थकवा मनात असतो, पण कोणता?

‘थकवा मनात असतो, शरीर अजून बरंच देऊ शकतं,’ हे वाक्य मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांत सिद्धान्तासारखं बोललं जातं. त्यामागे नुसती जिद्दीची भाषा नाही, शास्त्रही आहे; म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. ए. व्ही. हिल यांनी १९२०च्या दशकात थकव्याचं कारण स्नायूंत शोधलं: प्राणवायू अपुरा पडतो, लॅक्टिक आम्ल साचतं, पाय थांबतात. दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी पुढे उलट मांडणी केली की स्नायू निकामी होण्याच्या बऱ्याच आधी मेंदूच लगाम खेचतो. २००९ साली सॅम्युएले मार्कोरा यांच्या प्रयोगात दीड तास डोकं शिणवणारं काम केलेली माणसं सायकलवर लवकर थांबली, आणि हृदयाच्या किंवा स्नायूंच्या मोजमापांतून त्याचं कारण सापडलं नाही. पाय संपलेत असं वाटत असताना शेवटच्या टप्प्यात वेग वाढतो, त्याचं स्पष्टीकरणही मेंदूच्या या लगामातच शोधलं जातं.

हे सारं मला मान्य आहे. मान्य नाही तो त्यातून काढलेला निष्कर्ष, की थकव्याची सूचना झुगारावी. मेंदू शरीर वाचवण्यासाठी लगाम खेचत असेल, तर ती सूचना खोटी कशी ठरते? शिवाय ती झुगारता येते, आणि धोका तिथेच आहे. १९५४ साली व्हँकूव्हरच्या मॅरेथॉनमध्ये धावपटू जिम पीटर्स सतरा मिनिटांच्या आघाडीने स्टेडियममध्ये शिरले, पुन्हा पुन्हा कोसळले, समाप्तीरेषेपर्यंत पोचलेच नाहीत आणि त्यानंतर कधी शर्यतीत उतरले नाहीत. लॉस एंजेलिसच्या १९८४च्या ऑलिंपिकमधली गॅब्रिएला अँडरसन-शीस हिची लडखडती शेवटची फेरी जिद्दीचा दाखला म्हणून सांगतात. तिला पुढे जाऊ दिलं गेलं, कारण तिला अजून घाम येत असल्याचं डॉक्टरांनी पाहिलं होतं. निर्णय शरीराच्या खुणेवर झाला. हा भाग मात्र कुणी सांगत नाही.

याहून मोठी चूक काळाची आहे. ते प्रयोग काही मिनिटांच्या श्रमाचे. सरावाचा थकवा आठवड्यांनी साचतो. हाडावर भार वाढला की जुना भाग आधी झिजवला जातो, नवा नंतर भरला जातो. मधल्या काळात हाड दुबळं असतं, आणि इच्छाशक्तीने ते लवकर भरत नाही. सराव अंगी लागतो तो विश्रांतीत.

म्हणून थकवा किती, यापेक्षा तो कुठून आला हे विचारावं. दिवसभर ऑफिसात डोकं शिणलंय, पण आठवड्याचं धावणं बेताचंच झालंय? अशा संध्याकाळी बुटांच्या नाड्या बांधाव्यात. पहिली दहा-पंधरा मिनिटं जड जातील, मग पाय मोकळे होतील. मार्कोरांचा प्रयोग इथे खरा लागू पडतो. पण पाव तासानंतरही नेहमीच्या संथ वेगाला दम लागतोय, काही दिवस सकाळची नाडी चढी आहे, झोप उडालीय, उगाच चिडचिड होतेय, तर तो मनाचा खेळ नव्हे. ताप, छातीत दुखणं, चक्कर यांत तर चर्चेलाही जागा नाही. नडगीच्या हाडावर बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, तर त्याच दिवशी थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. अतिसरावाचं निदान करणारी एकच खात्रीची चाचणी नाही. दुसरे आजार नाहीत ना हे पाहूनच ते करावं लागतं, आणि त्यातून सावरायला महिने जातात. यासाठी नाडी, झोप आणि वेग यांची रोजची नोंद मी जिद्दीपेक्षा महत्त्वाची मानतो.

उरतो कमावलेलं गमावण्याचा धाक. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिच्या आधीचे दोनेक आठवडे हेच धावपटू अंतर बरंच कमी करतात आणि ताजे होऊन उभे राहतात; तेव्हा त्यांना विश्रांतीचा धाक वाटत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाय जड झाले म्हणून घेतलेले चार दिवसही त्याच हिशेबात बसतात.