ॲल्युमिनियमची अदृश्य कात

१/ १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात चांदीसारखा पांढरा, पण हाती घेतल्यावर आश्चर्यकारक हलका असा धातू मांडण्यात आला. आँरी सँत-क्लेर देव्हील याने आदल्याच वर्षी तो रासायनिक मार्गाने मिळवला होता. प्रेक्षक थक्क झाले. कारागिरांपुढे मात्र निराळाच प्रश्न होता : ॲल्युमिनियमचे दोन तुकडे जोडावेत कसे? वितळलेला डाख त्यावरून अळवाच्या पानावरील पाण्यासारखा घरंगळून जाई.

२/ दोष डाखाचा नव्हता. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची कात चढते. तिची जाडी अवघी काही नॅनोमीटर. धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, ही कात वितळण्यास मात्र २,००० अंशांहून अधिक उष्णता लागते. आतील धातूचे पाणी झाले तरी वरचा पापुद्रा शाबूतच! खरवडून काढावा, तर क्षणार्धात नवा येतो.

३/ कल्हईवाला आठवावा. तापलेल्या तांब्याच्या भांड्यात तो नवसागर टाकतो. नवसागर तांब्यावरचा ऑक्साइड काढतो आणि कथील झरझर पसरते. ॲल्युमिनियमच्या कातीपुढे हा उपाय निष्प्रभ ठरतो. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा उद्योग आरंभिला. पुढे ही भांडी घरोघर पोहोचली, पण त्यांचे कान आणि मुठी बहुधा रिव्हेट ठोकूनच बसवल्या गेल्या.

४/ तरीही एक वाट फार लवकर सापडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या मूरे या कारागिराने जस्त आणि ॲल्युमिनियम यांचे पाच डाख सिद्ध केले. त्यांतील शेवटच्यात ९४ भाग जस्त होते आणि ६ भाग ॲल्युमिनियम. हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

५/ मोठ्या उद्योगांनी निराळ्या वाटा धरल्या. १८८६ साली हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे विद्युत्-पद्धत शोधली व धातू स्वस्त झाला. कात विरघळवणारे क्लोराइड-फ्लोराइडचे क्षार वापरात आले. पण क्लोराइड नीट धुतले नाही, तर सांधाच कुरतडला जाई. आल्फ्रेड विल्मचे ड्युरॅल्युमिन तापवले की आपले बळ गमावी, म्हणून विमाने हजारो रिव्हेटांनीच जोडली गेली. १९४१ च्या सुमारास नॉर्थ्रप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथने मॅग्नेशियमसाठी टंगस्टन आणि हेलियम यांचे वेल्डिंग घडवले. त्याच पद्धतीत प्रत्यावर्ती विद्युत्-प्रवाह वापरला, तर ठिणगीची ज्योतच ॲल्युमिनियमची कात फोडते. हे सारे घरच्या ओट्यावर मात्र अशक्य.

६/ घरगुती कामासाठी मिळणाऱ्या कमी तापमानाच्या कांड्या मूरेच्याच कुळातील. सुमारे ९५ भाग जस्त आणि ५ भाग ॲल्युमिनियम यांचे मिश्रण ३८२ अंशांना वितळते. मूळ वस्तू वितळण्यापूर्वी जवळजवळ २८० अंशांची मोकळीक! येथे कात रसायनाने नव्हे, घर्षणाने फोडतात. स्टेनलेस पोलादाच्या ब्रशने जागा घासावी, ज्योत वस्तूवर धरावी आणि तापलेल्या वस्तूवर कांडी घासून तिच्याच उष्णतेने ती वितळू द्यावी. मग वितळलेल्या थेंबाखालीच पोलादी टोकाने खरवडावे. तेथे हवा नसल्याने नवी कात धरत नाही. नवशिके कांडीलाच ज्योत लावतात, थेंब पडतो, चिकटल्यासारखा दिसतो आणि थंड होताच नखाने निघतो.

७/ आणखी एक फसगत. पोलाद लाल होऊन लोहाराला इशारा देते. ॲल्युमिनियम दिवसाच्या उजेडात रंग न बदलता एकाएकी ढासळते. म्हणून ज्योत सतत हलती हवी.

८/ नावाविषयीही थोडे. रूढ व्याख्येनुसार ४५० अंशांवरील जोडकामालाच ब्रेझिंग म्हणतात, त्यामुळे हे काम खरे तर ‘झाळणे’ होय. विक्रेत्यांना ब्रेझिंग हा शब्द अधिक भारदस्त वाटत असावा. तुटलेला ओतीव कान, खिडकीची चौकट, पत्र्याला पडलेले भोक यांना ही कांडी पुरते. प्रेशर कुकरच्या भांड्यावर किंवा सायकलच्या चौकटीवर ती चालवू नये. कुकरमध्ये वाफेचा दाब असतो, आणि उष्णतासंस्कारित मिश्रधातूची चौकट सांध्याभोवती तापून मऊ पडते, वरून सांधा कितीही देखणा दिसो.