माशीच्या लाळग्रंथीतून आपल्या कातडीत

नवतपा लागला की नागपुरात भरदुपारी बाहेर पडणारा माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच निघतो. इथं पारा 47 अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. घाम वाळतो तोवर त्वचा हवेपेक्षा थंड राहते. पण ऊन थेट लागलं, तर उघडी कातडी चाळिशी ओलांडू शकते. अशा वेळी तिच्या पेशींत जी जनुकं जागी होतात, त्यांचा माग मात्र एका माशीत लागला.

1960 च्या सुमाराला इटलीत फेरुच्चिओ रितोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासत होते. कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवलं. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे तिथलं जनुक वाचलं जात असल्याची खूण. रितोसांनी त्या पेशी बिघडल्या म्हणून फेकल्या नाहीत. मुद्दाम तापवून पुन्हा पाहिलं आणि 1962 मध्ये ते छापलं. बरीच वर्षं त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही, याची मला हळहळ वाटते. 1974 मध्ये आल्फ्रेड टिसिएर आणि सहकाऱ्यांनी उष्णतेनं बनणारी प्रथिनं दाखवून दिली. त्यांतल्या एचएसपी 70 चं कुळ पुढे जीवाणूंपासून माणसापर्यंत सापडलं. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात तर त्याचा थोडा साठा ऊन नसतानाही असतो.

एरवी हीच प्रथिनं एचएसएफ 1 या नियंत्रकाला धरून ठेवतात. उष्णतेनं पेशीतल्या इतर प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, त्या सावरायला ती धावतात आणि नियंत्रक मोकळा होतो. त्याचे तीन-तीन रेणू जुळून डीएनएवर याच प्रथिनांच्या जनुकांपाशी नेमक्या जागी बसतात. तिथं आरएनए लिहिणारं विकर मोजकी अक्षरं लिहून आधीच थांबलेलं असतं! हे थांबणंही जॉन लिस यांच्या प्रयोगशाळेनं आधी माशीतच पाहिलं. मला सगळ्यात थोर वाटते ती ही तयारी. तिच्यामुळेच काही मिनिटांत काम सुरू होतं. पुरेसं एचएसपी 70 साठलं की ते पुन्हा नियंत्रकाला धरतं आणि जनुक शांत होतं. सौम्य उष्णता सोसलेली पेशी पुढचे काही तास अधिक कडक उष्णताही झेलते.

पण ही सोय पेशीपुरती. रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुराचं अंगच आतून तापत गेलं, तर ही प्रथिनं पुरत नाहीत. त्याला सावली, पाणी आणि दुपारची सुट्टीच लागते.