तिराची काडी

फैजपूर म्हटलं की लोकांना केळी आठवतात, नाहीतर 1936 चं काँग्रेसचं अधिवेशन. लाकूड कोणाला आठवत नाही. पण इंग्रजी अमदानीतली गॅझेटिअरं उघडली तर फैजपूरच्या नावापुढे दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, इथले रंगारी आणि त्यांचा जांभळा नि निळीचा रंग. दुसरी, दर आठवड्याला भरणारा लाकडाचा बाजार. खानदेशातल्या मोठ्या लाकूडबाजारांत त्याची गणना व्हायची. उत्तरेला सातपुडा डोळ्यांसमोरच. साग, अंजन, धावडा, तिवस, बांबू, सगळं गाड्यांत भरून खाली उतरायचं आणि इथून तापीकाठच्या गावोगाव जायचं. जुन्या घरांच्या तुळया आजही पाहा, सगळा डोंगर त्यांच्यात अडकून बसलेला आहे.

आमचं घर सुतारांचं. आजोबांचं काम शेतीचं, म्हणजे तिफणी, वखर, जू, आणि जुवाच्या शिवळा. नव्या पिढीला शिवळ सांगावी लागते. जुवाच्या टोकाला, बैलाच्या मानेच्या बाहेरच्या अंगाला जी उभी दांडी असते, ती शिवळ. ती गुळगुळीत गोल हवी, नाहीतर बैलाची मान सोलते. हंगामात शिवळांचे ढीग लागायचे आणि एकेक दांडी रंध्यानं गोल करत बसायला वेळ कोणाला? त्यासाठी आजोबांकडे एक जाड लोखंडी पट्टी होती. तिला उतरत्या मापाची चार भोकं. वाकसानं लाकडाचे कोपरे उडवायचे, तुकडा भोकावर उभा धरायचा आणि वरून मोगरीनं ठोकायचं. भोकाची धार जादा लाकूड सोलून टाकायची, खालून गोल दांडी बाहेर पडायची. मोठ्या भोकातून लहान्यात, लहान्यातून आणखी लहान्यात. हत्यार एवढंच, पण त्याआधीची एक गोष्ट आजोबा कधी चुकवत नसत. शिवळेचा तुकडा ते करवतीनं कापत नसत. कुऱ्हाड नि पाचर लावून फोडत. म्हणत, "करवत आपलं ऐकते, पाचर लाकडाचं ऐकते. लाकूड कुठी चाललं ते आंधी पाहाचं, मंग हात लावाचा."

पुढं जे सांगायचं आहे, ते सगळं या वाक्यातच आहे.

माझा पुतण्या कॉलेजात असताना धनुर्विद्येच्या नादाला लागला. आपल्याकडे स्पर्धांमध्ये इंडियन राउंड म्हणून एक प्रकार आहे, त्यात बांबूचं धनुष्य चालतं. त्यामुळे खेड्यातल्या पोराला थोडी जागा मिळाली, कारण परदेशी धनुष्यांच्या किमती ऐकल्या तर ट्रॅक्टरचा हप्ता आठवतो. धनुष्य मिळालं, पण बाण वारंवार लागतात. हरवतात, मोडतात. पोरानं ठरवलं की काड्या घरीच करायच्या.

तिराची काडी म्हणजे सुमारे आठ-नऊ मिलिमीटर जाड आणि वारभर लांब दांडी. ती आजोबांच्या पट्टीतून निघत नाही. एवढी लांब नि बारीक काडी वरून ठोकली की मधेच वाकते आणि तुटते. म्हणून त्यानं दुसरी युक्ती केली. पेन्सिलीला टोक करायचं शार्पनर सगळ्यांना ठाऊक आहे, तेच तत्त्व. अंजनाचा एक ठोकळा घेतला. अंजन असं घट्ट की खिळा वाकतो. ठोकळ्यात आरपार भोक पाडलं. आत शिरायची बाजू रुंद, बाहेर पडायची बाजू नेमक्या मापाची. बाजूला खाच पाडून त्यात रंध्याचं जुनं पातं तिरपं बसवलं, वर स्क्रू. चौकोनी काडीचं एक टोक ड्रिल मशीनमध्ये धरायचं, दुसरं ठोकळ्यात सारायचं आणि मशीन चालू करायचं. काडी गरगर फिरत पुढं सरकते, कोपरे छिलक्यांत निघून जातात, पलीकडून गोल काडी बाहेर येते. बाहेरचं भोक काडीला अगदी चपखल असावं लागतं. जरा सैल असलं की काडी थरथरते आणि अंगावर पायऱ्यापायऱ्यांसारख्या रेघा उठतात.

लाकूड कुठलं? जुनी घरं पाडताना सागाच्या तुळया भंगारात जातात. शंभर वर्षं छपराखाली वाळलेला साग, आता याहून सुकं लाकूड विकत कुठं मिळणार? तोच त्यानं उचलला. सागात वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं. दहा-बारा काड्यांनंतर धार लावावीच लागते.

काड्या दिसायला एकसारख्या, गोल, चकचकीत. गल्लीतली पोरं हातात घेऊन फिरवून पाहायची. पण गोलपणा हे हत्याराचं देणं आहे, सरळपणा लाकडाचा. करवतीनं पट्टी कापताना लाकडाची रेघ तिरपी गेली असेल तरी ठोकळा ती काडी तितकीच सुंदर गोल करून देतो. डोळ्याला काही कळत नाही. बाण सुटताना दोरीचा सगळा जोर काडीच्या शेपटीवर येतो आणि काडी क्षणभर वाकून धनुष्याला वळसा घालून निघते. रेघ तिरपी असेल तर ती तिथंच चिरते आणि अणकुचीदार तुकडा धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. यात विनोद नाही. हात कायमचा जाऊ शकतो.

या धोक्याची जाण जगभरच्या बाण करणाऱ्यांना होती. इंग्लंडचं मेरी रोझ हे लढाऊ जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं, त्यात हजारो बाण सापडले. बरेचसे पॉप्लरच्या लाकडाचे. पुढं विसाव्या शतकात अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावरच्या एका सिडारला बाणांसाठी मान मिळाला, तोही सरळ रेघेमुळे आणि हलकेपणामुळे.

आपल्या डोंगरानं मात्र लाकडाचा रस्ताच धरला नाही. सातपुड्यातल्या भिल्लांचा, पावऱ्यांचा बाण बोरूचा नाहीतर बांबूचा. तिथं रेघ शोधायची गरज नाही, झाडच रेघांचं बनलेलं. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात भिल्लांच्या शस्त्राचं वर्णन आहे. धनुष्य बांबूचं, दोरीसुद्धा बांबूच्या सालीच्या चिवट पट्टीची, भाता बांबूच्या चटईचा, आत वारभर लांबीचे साठेक बाण. पक्षी पाडायचे बाण वेगळे, त्यांना टोकाऐवजी गाठ. म्हणजे लोखंडाचं पातं सोडलं तर अख्खं हत्यार एका बेटातून उभं राहत होतं.

आणि इथंच इतिहास आडवा येतो. 1825 मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रमनं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, धरणगाव तिचं ठाणं. ज्यांच्या तिरांची धास्ती होती त्यांच्याच हातात सरकारी बंदूक दिली. शाळेच्या पुस्तकात ही सरकारच्या शहाणपणाची गोष्ट म्हणून येते. 1858 च्या एप्रिलात आंबापाणीला खाज्या नाईक, भीमा नाईक यांची माणसं त्याच सरकारशी लढली, ती मात्र बऱ्याच पुस्तकांत एका ओळीत आटपते. पण माझ्या मते तिराला खरं मारलं ते बंदुकीनं नव्हे, कागदानं. 1878 च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. 1927 च्या कायद्यानं 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही बसवला. डोंगरातल्या माणसानं बाणासाठी चार कांब्या तोडल्या तरी तो गुन्हेगार. तेच लाकूड ठेकेदाराच्या पासावर गाडीत बसून फैजपूरच्या बाजारात आलं की माल. आमच्या घराची भाकरी त्या मालावर झाली, हे लिहून ठेवलंच पाहिजे.

डिसेंबर 1936 मध्ये याच फैजपूरला बांबूची आणखी एक कहाणी घडली. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची. टिळकनगर नावाची सगळी वसाहत बांबू, चटया, गवत अशा खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून उभारली होती. लोक अजून कौतुकानं सांगतात, आणि सांगावंच. माझ्या मनात येतं ते इतकंच, की त्या मांडवात बांबूचं सौंदर्य साऱ्या देशाला दिसलं तेव्हा डोंगरात तो बिनपरवाना तोडणारा माणूस गुन्हेगारच होता.

2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनउपज मानून त्यावर आदिवासींचा हक्क सांगितला. 2017 मध्ये बांबू 'झाडां'तून वगळला, त्यामुळे खाजगी जमिनीवरचा बांबू तोडायची-न्यायची अडचण गेली. मधे 1972 चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण बाण करायचं काम त्यामुळे लग्नात, होळीत आणि खेळात उरलं.

पालच्या बाजूचे एक पावरा बाबा आमच्याकडे कुऱ्हाडीचे दांडे बसवून घ्यायला यायचे. पुतण्यानं त्यांना आपल्या काड्या दाखवल्या. बाबांनी ठोकळा पाहिला, भोकातून एक डोळा मिटून पाहिलं, हसले. मग एकेक काडी डोळ्यासमोर धरून बोटांत फिरवली. बारापैकी पाच बाजूला काढल्या.

पुतण्यानं तोवर घरच्या घरी मोजायची सोय केली होती. दोन टेकूंमध्ये 26 इंच अंतर, मधोमध दोन पौंडांचं वजन टांगायचं, काडी किती लवते ते पट्टीवर वाचायचं. अर्धा इंच लवली तर ती साधारण पन्नास पौंड ओढीच्या धनुष्याला चालते, कमी लवली तर त्याहून कडक. बाबांनी काढलेल्या पाचांपैकी तीन या मापातही नापास झाल्या. एक गुडघ्यावर हलकेच वाकवताच काडकन चिरली, तिरपी. पाचवी मात्र सगळ्या परीक्षांत उतरली आणि पुढचा अख्खा हंगाम चालली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "चालंल. पन मी नाही घेनार."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. पुतण्यानं बांबूची काडी कशी करता ते विचारलं, तर तिथंच ओट्यावर बसून दाखवलं. कांब पाडल्यावर सावलीत महिनाभर वाळवायची. पेरावरचा उंचवटा विळ्यानं खरवडायचा. मग निखाऱ्यावर धरायची, ज्वाळेवर नाही. गरम झाली की वाकडी बाजू दोन अंगठ्यांनी दाबून धरायची आणि थंड होईतो सोडायची नाही. काडी परत वाकली तर परत निखारा. जाड बाजू कुठं ठेवायची, पिसं कुठल्या अंगाला, हे सगळं बोटांनी. मापाचा आकडा एकही नाही.

पुतण्या आता तुळई करवतीवर घेण्याआधी तिचा हातभर तुकडा पाचर लावून फोडून बघतो. फट सरळ गेली तर पट्ट्या त्याच रेषेनं काढतो. फट वळली तर तो तुकडा काडीला घेत नाही. त्याच ठोकळ्यावर गल्लीतल्या लोकांना पाळण्याचे गज आणि पतंगाच्या फिरकीचे दांडे करून देतो, त्याचे पैसे घेतो. बाबांच्या कुऱ्हाडीच्या दांड्याचे घेत नाही.