आश्रयाचा खर्च

घरात मार खाणाऱ्या स्त्रीला ‘माहेरी जा’ असे सांगणे सोपे असते. परंतु जिला माहेरच उरलेले नाही, तिने कोणाचे दार ठोठावावे, हा प्रश्न आपल्या समाजाने फार काळ दात्यांच्या मर्जीवर सोपवला होता.

निराधार स्त्रियांसाठी चाललेल्या पहिल्या प्रयत्नांतच त्या मर्जीच्या मर्यादा दिसून आल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले, ते मुख्यतः विधवांसाठी. त्याचा खर्च अमेरिकेतील बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या वर्गणीतून चाले. सदन पुढे पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेने वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. लोकांचा विश्वास ढळताच आश्रयही डळमळला. १८९६ साली अण्णासाहेब कर्वे यांनी आश्रम काढला, तोही गावोगाव वर्गणी मागूनच उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतर शासनाने हा भार काही अंशी उचलला. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळू लागले. पुढे १९६९ मध्ये अल्पकालीन निवासगृहांची आणि २००१-०२ मध्ये ‘स्वाधार’ ही योजना आली. तरीही अनुदान संस्थेला मिळे. पीडितेच्या हाती हक्क असा काही नव्हता.

तो हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिला. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. घर तिच्या नावावर असो वा नसो, त्या सामायिक घरात राहण्याचा अधिकार त्याने मान्य केला; मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर काढण्याचा आदेश न्यायालयास देता येऊ लागला. तिने मागणी केल्यास आसरा देणे हे आश्रयगृहाचे कर्तव्य ठरले.

कर्तव्य कायद्याने ठरवले. पैसा मात्र योजनांतूनच येत राहिला. २०१५ मध्ये निर्भया निधीतून ‘वन स्टॉप सेंटर’ सुरू झाली, २०२२ च्या ‘मिशन शक्ती’त ‘शक्ती सदन’ आले. शक्ती सदनाच्या खर्चात बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचे प्रमाण ६०:४० ठरले आहे. यांतील एकाचा हप्ता रखडला, तर वाण्याची उधारी आणि सेविकांचे पगार थकतात, आणि नव्याने आलेल्या स्त्रीला ‘जागा नाही’ हे उत्तर मिळण्याची वेळ येते. म्हणून या कायद्याची कसोटी न्यायालयाइतकीच अंदाजपत्रकातही लागते.