भिवंडी तालुका : अग्निजन्य भूमीची रूपे

ठाणे जिल्ह्यातला भिवंडी तालुका यंत्रमाग आणि गोदामे यांमुळे सर्वांना माहीत आहे. तिथल्या जमिनीची ओळख मात्र फार थोड्यांना असते. खाडीकाठची खाजणे, भाताची खाचरे, साग-ऐनाची राने, काळेकभिन्न डोंगर आणि वाफाळणारी कुंडे असा सगळा पसारा एका दिवसाच्या फेरीत पाहून होतो. या पसाऱ्याखाली खडक जवळजवळ एकच आहे, काळा बेसॉल्ट.

हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भारताचा भूखंड त्या काळी उत्तरेकडे सरकत होता. आज रीयुनियन बेटाखाली असलेल्या उष्ण स्रोतावरून तो जात असताना हा लाव्हा उसळला, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या बेटावरचा ज्वालामुखी अजूनही जागा आहे. थरावर थर साचत गेले आणि आजही दख्खनचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून वर आला, म्हणून इथे शंकूच्या आकाराचा, माथ्यावर तोंड असलेला पर्वत शोधून सापडत नाही. त्या भेगांतच गोठलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भित्ती मात्र ठाणे जिल्ह्यात जागोजागी दिसतात.

सह्याद्रीच्या कड्यांत हे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेल परिसरातून उत्तरेकडे जाणाऱ्या एका पट्ट्यात ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला वाकले आहेत. पश्चिम किनाऱ्याची जमीन ताणली गेली, खचली आणि तिला खोलवर तडे गेले. तालुक्यातले सर्वांत विलक्षण दृश्य या तड्यांमुळेच घडले आहे.

ते आहे तानसा नदीच्या काठी. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथे पात्रात आणि काठावर गरम पाण्याचे झरे फुटतात. सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड, वायुकुंड अशी त्यांची नावे. पाण्याचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. खाली तापलेला लाव्हा आहे म्हणून हे पाणी कढत असावे, असे पाहणाऱ्याला सहज वाटते, पण इथला लाव्हा केव्हाच थंड झाला. पावसाचे पाणी तड्यांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या नैसर्गिक उष्णतेने तापते, वाटेत खडकातले क्षार उचलते आणि दुसऱ्या तड्याने वर येते. राजापूर, उन्हवरे, सातिवली इथल्या झऱ्यांसह हा सगळा पट्टा कोकणपट्टीला समांतर जातो. वज्रेश्वरीचे देऊळ १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसातून उभे राहिले. गणेशपुरीत १९६१ मध्ये नित्यानंद स्वामींनी समाधी घेतली. भाविकांना कुंडे पवित्र, भूशास्त्रज्ञांना ती मोलाची. दोघांचाही आदर रास्त आहे.

पूर्वेला, शेजारच्या शहापूर तालुक्यात, माहुलीचे कडे उभ्या चिरांवरून झिजत सुळके झाले. त्यांपैकी वजीर सुळका गिर्यारोहकांना आव्हान देतो. भिवंडीतच लोनाडला हाच कातळ कोरून बौद्ध लेणी घडवली गेली. पश्चिमेकडे तुंगारेश्वरचे डोंगर आहेत, त्यांवरचे रान २००३ पासून अभयारण्य आहे.

दर पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस या कातळावर कोसळतो. कातळ झिजून झालेली माती सखल भागात साचते आणि तिथे बांध घातलेल्या खाचरांत भात पिकतो. उतारावर नाचणी आणि वरई. उन्हाळ्यात हेच डोंगर पळसाच्या फुलांचा काळ वगळता करडे, उघडे दिसतात. पहिल्या सरींनंतर आठ-पंधरा दिवसांत त्यांचा नूर पालटतो. हा पालट पाहिल्यावर उष्ण कटिबंधातली ज्वालामुखीची जमीन किती जिवंत असते ते कळते, आणि त्यासाठी हवाईला जावे लागत नाही.

दक्षिणेला उल्हास नदी खाडीत मिसळते. शहराजवळून वाहणारी कामवारीही याच खाडीला मिळते. भरतीचे खारे पाणी आत येते तिथे तिवरांची दाटी असते. त्यांच्या श्वासमुळांभोवती गाळ अडतो, कोळंबी आणि खेकडे वाढतात, कोळीवाड्यांचे पोट चालते.

या भूरूपावरचा ताण डोळ्यांना दिसतो. खडी-क्रशरसाठी टेकड्या कापल्या जातात, भरणी करून खाचरांवर गोदामे उभी राहतात, कामवारीत कापड-रंगाई आणि वस्तीचे सांडपाणी मिसळते. कापलेली टेकडी पुन्हा उभी करता येत नाही, कारण तिला घडवणारा लाव्हा आता इथे नाही. खाडीकाठाला थोडे तरी संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरतोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ही बंदी राज्यभर अधिक कडक केली. डोंगरांना असे कवच सरसकट मिळालेले नाही. अभयारण्याबाहेरच्या टेकड्यांवर खाणकाम चालूच आहे.