इलेक्ट्रिक गाडी बंद पडली? मोठ्या बॅटरीला दोष देण्याआधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा

चार्जिंग ६० टक्के शिल्लक, रात्री गाडी नीट दारात लावलेली. सकाळी बटण दाबले तर स्क्रीन काळी, रिमोटने दार उघडेना, चार्जिंगची गन लावली तरी काही हालचाल नाही. अशी गाडी बघितली की पारावर एकच चर्चा सुरू होते, "बॅटरी गेली, आता लाखाला फोडणी." कोणी गाडी मिळेल त्या भावात काढून टाकायचा सल्लाही देतो. पण बऱ्याचदा मोठ्या बॅटरीला काहीही झालेले नसते. बिघडलेली असते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी, आणि तिचा खर्च हजारांत असतो, लाखांत नाही.

टाटा नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही या गाड्या आपल्या देशात २०२० च्या सुरुवातीला आल्या. छोटी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे टिकते. त्यामुळे त्या काळातली गाडी जुन्या बाजारातून घेणाऱ्याने ही माहिती जपून ठेवावी.

दोन बॅटऱ्या कशासाठी?

मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते, ती चाके फिरवते. दिवे, हॉर्न, वायपर, दारांची कुलुपे, स्क्रीन आणि गाडीतले सगळे कॉम्प्युटर मात्र १२ व्होल्टवर चालतात.

विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर आठवा. लाइनीत थ्री फेज असली तरी स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलला करंट मिळाला नाही तर स्टार्टर धरत नाही. गाडीतही तसेच आहे. मोठ्या बॅटरीचा करंट बाहेर सोडणारा कॉन्टॅक्टर छोट्या बॅटरीच्या जोरावर ओढला जातो. छोटी उतरली की मोठी भरलेली असूनही उपयोग नाही, आणि बऱ्याच गाड्या चार्जिंगही घेत नाहीत.

डिझेल गाडीत ही बॅटरी अल्टरनेटरवर चार्ज होते. इलेक्ट्रिक गाडीत ते काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो, मोठीतून करंट घेऊन छोटीत भरतो.

कशी ओळखायची?

डिझेल गाडी आधी इशारा देते, सेल्फ जड फिरतो. इलेक्ट्रिक गाडीत सेल्फच नाही, त्यामुळे कमजोर बॅटरी शेवटच्या दिवसापर्यंत काम ओढते आणि एकदम दगा देते. तरी या खुणांवर लक्ष ठेवा:

• स्क्रीनवर १२ व्होल्ट बॅटरीचा इशारा येणे
• एकाच वेळी चार-पाच वेगवेगळे वॉर्निंग दिवे लागणे
• कुलूप अडखळणे, घड्याळ आपोआप शून्यावर जाणे
• बटण दाबल्यावर नुसता टिकटिक आवाज येणे

खात्री करायची तर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी काही तास बंद राहिल्यावर छोट्या बॅटरीच्या टोकांना लावा. साध्या ॲसिडच्या बॅटरीत १२.६ च्या वर असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी. भरूनही पुन्हा पुन्हा खाली येत असेल तर बदलायची वेळ झाली.

मग गाडी 'रेडी' करून पुन्हा बघा. आकडा साधारण १३ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. चढलाच नाही तर कन्व्हर्टरमध्ये दोष असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी टाकूनही तीही उतरेल, म्हणून आधी सर्व्हिस सेंटर गाठा. नंतर बसवलेला डॅशकॅम, ट्रॅकर किंवा ॲम्प्लिफायर रात्रभर करंट खात नाही ना, तेही तपासून घ्या.

रस्त्यात अडकलात तर

रिमोट चालत नसेल तर चावीच्या आत लपवलेली लोखंडी चावी असते, तिने दार उघडा. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जंप देता येतो. कार किंवा १२ व्होल्टचा ट्रॅक्टर चालेल, त्याचे इंजिन बंद ठेवा. ट्रकवरून मात्र कधीही घेऊ नका. बऱ्याच ट्रकांत २४ व्होल्ट असतात, गाडीचे कॉम्प्युटर जळतील.

लाल केबल प्लसला प्लस. काळी आधी देणाऱ्याच्या मायनसला, शेवटचे टोक आपल्या गाडीच्या उघड्या लोखंडाला. गाडी 'रेडी' झाली की केबली उलट क्रमाने काढा आणि तासभर गाडी चालू ठेवा किंवा चार्जिंगला लावा.

उलट बाजूने आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची डिझेल गाडी चालू करायला जाऊ नका. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, तेवढा भार या छोट्या बॅटरीला आणि कन्व्हर्टरला झेपत नाही.

ट्रॅक्टरला टोचन लावून ओढणेही टाळा. चाके फिरली की मोटर करंट तयार करते आणि नुकसान होते. चारही चाके वर घेणारी गाडी बोलवा.

बदलताना

वॉरंटी चालू असेल तर स्वतः हात लावू नका. मोठ्या बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी छोटीला लागू नसते, तिचे कार्ड वेगळे असते.

१. चार्जिंगची गन काढा, गाडी बंद करा, एक काच खाली ठेवा, चावी बाहेर ठेवा. १५ मिनिटे थांबा.
२. नारिंगी रंगाच्या केबलीला हात लावायचा नाही. त्यात मोठ्या बॅटरीचा करंट असतो, तो जीव घेऊ शकतो.
३. अंगठी, कडे, घड्याळ काढा. जवळ बिडी-सिगारेट नको, ॲसिडच्या बॅटरीतून जळणारा वायू निघतो.
४. आधी मायनस काढा, मग प्लस. आधी प्लस सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो.
५. मायनसच्या क्लॅम्पवर सेन्सर असेल तर ओढाताण करू नका.
६. नवी बॅटरी घट्ट बसवा. आधी प्लस, मग मायनस.

नवी बॅटरी जुन्याच प्रकारची, त्याच मापाची, तेवढ्याच एएचची आणि टोके त्याच बाजूला असलेली घ्या. मूळ एजीएम असेल तर एजीएमच. टेस्लाच्या २०२१ नंतरच्या गाड्यांत छोटी बॅटरीही लिथियमची आहे, तिथे ॲसिडची बसवायची नाही. बॅटरी फुगली असेल किंवा गळत असेल तर मेकॅनिकलाच बोलवा.

बदलल्यावर घड्याळ, काचा आणि चार्जिंगची वेळ पुन्हा लावावी लागते. थोडे अंतर चालवूनही वॉर्निंग दिवे जात नसतील तर सर्व्हिस सेंटरला मशीनवर नोंद करून घ्या.

जुन्या बॅटरीचे काय?

दुकानदाराला परत द्या, किमतीत वजावट मिळते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी ठेवून अधिकृत ठिकाणीच द्यायची आहे. ती फोडून ॲसिड बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. आतले शिसे मातीत आणि पाण्यात उतरते, ते पुन्हा काढता येत नाही.

बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. उन्हाळा बॅटरीला लवकर खातो, म्हणून तीन वर्षे झाली की दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन निघायची वेळ आली तर गाडी दारातच अडायला नको.