तळटीप : अळणी पथ्य आणि मूत्रपिंडे

१. लेखकाने येथे उल्लेखिलेले अळणी पथ्य रक्तदाबाच्या रुग्णास का सांगितले जाते, याचे उत्तर पुष्कळ अंशी मूत्रपिंडांपाशी आहे. ही इंद्रिये अहोरात्रात सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि मीठ व पाणी यांचा काटेकोर जमाखर्च ठेवून त्यातील बहुतांश भाग रक्तास परत करतात. रक्तदाब चढला की निरोगी मूत्रपिंड अधिक मीठ उत्सर्जित करून तो पूर्वपदावर आणते, परंतु ही शक्ती क्षीण झाली म्हणजे तेवढेच मीठ बाहेर पडण्यासाठी वाढीव दाब कायमचा होऊन बसतो. १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट यांनी श्वानांच्या मूत्रपिंडांच्या धमन्या चिमट्याने आकुंचित करून स्थायी उच्च रक्तदाब निर्माण केला, तर १९४४ साली ड्यूक विद्यापीठाचे वॉल्टर केम्प्नर यांनी भात, फळे व साखर यांवरच रुग्णांना ठेवून अनेकांचा दाब उतरल्याचे प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक प्रौढास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ असा असून, त्यात लोणची-पापडांतील मीठही हिशेबात धरावयाचे असते, याचे वाचकांना विस्मरण होऊ नये. — संपादक